पारोळ्याजवळ पडलो, हेल्मेट बदलू का?

परवा धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर सांडलेल्या मुरमावर गाडी घसरली, स्पीड पन्नास-पंचावन्न असेल, पंधरा-वीस फूट घासत गेलो. डोकं शाबूत, पण कोपर आणि गुडघ्याची सालटी निघाली कारण अंगात नुसता कॉटनचा शर्ट. हेल्मेटला बाहेरून फक्त ओरखडे आहेत, तीन हजाराचं आहे हो, चालेल का अजून? आणि जॅकेट घ्यायचं तर आपल्याकडच्या ४४ डिग्रीत घालायचं कसं?

केळीवाला रावेरकर: भाऊ, आधी सांग तब्येत कशी शे? हेल्मेट टाकून दे. आतलं थर्माकोल एकदाच दबतं, दबून धक्का खातं आणि परत फुगत नाही, बाहेरून कळतही नाही. नवीन घेताना आयएसआय मार्क बघ, रस्त्याच्या कडेला मिळतात ती टोपली नको.

बुलेटराजे: मेश म्हणजे जाळीचं जॅकेट घे, चालत्या गाडीवर हवा आरपार जाते. सिग्नलला उकडतं, ते उकडतंच, खोटं कशाला बोलू. कोपर-खांद्याचे पॅड सीई लेव्हल २ चे (युरोपियन मानक, लेव्हल १ पेक्षा जास्त धक्का झेलतात) मिळाले तर बरं, आणि ग्लोव्हज आधी घे, पडताना माणूस हातच टेकतो. मी कन्नड घाटात पडलो तेव्हा ग्लोव्हज फाटले, तळवे वाचले.

चाळीसगावकर: पट्टा लावला होतास ना? आमच्याकडे निम्मे लोक पट्टा लोंबकळत ठेवतात, पोलीस दिसला की डोक्यावर.

प्रश्नकर्ता: लावला होता दादा, म्हणून तर टाईप करतोय. हेल्मेट उद्याच घेतो, जॅकेटचं बायकोला विचारून.