नॅनोकण तयार होताना पृष्ठऊर्जेचे कार्य नेमके कोण करते?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थी, डिचोली)
नमस्कार. नवा पृष्ठभाग तयार करण्याचे कार्य म्हणजे पृष्ठऊर्जा (दर एकक नव्या पृष्ठभागासाठी लागणारी ऊर्जा) गुणिले क्षेत्रफळातील वाढ, हे सूत्र मला पाठ आहे. पण हे कार्य करणारा कोण, हे उमगत नाही. आमच्याकडे खनिज भरडताना मोटर फिरते, ती डोळ्यांना दिसते. प्रयोगशाळेत मात्र क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) घातले की काही मिनिटांत सोन्याचे नॅनोकण बनून द्रावण लाल होते, आणि तिथे तर कोणी काहीच दळलेले नसते.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, फोंडा)
आधी आकडा मांडून पाहा. सोन्याची पृष्ठऊर्जा दर चौरस मीटरला १.५ ज्यूल धरली आणि १ घन सेंटीमीटर सोन्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर क्षेत्रफळ ६ चौरस सेंटीमीटरवरून ६०० चौरस मीटरवर जाते आणि कार्य ९०० ज्यूल भरते. वितळणबिंदूला पोहोचलेले तेवढेच सोने वितळायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. इतके बारीक कण १०६४ अंशांच्या बरेच आधी का वितळतात, ते यावरून ध्यानात यावे.

तुमच्या चंचुपात्रात सोने कापले जात नाही, अणूंपासून जुळते. क्षपणामुळे, म्हणजे सायट्रेटकडून सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे, सुट्या अणूंचे प्रमाण समतोलापेक्षा फार वाढते, ते एकत्र येताना मुक्त ऊर्जा (कार्यासाठी वापरता येणारी ऊर्जा) घटते आणि त्या घटीतूनच पृष्ठभागाचा खर्च भागतो. हा खर्च त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, मिळकत घनाने. म्हणून क्रांतिक त्रिज्येहून (जिच्यापुढे वाढणे फायद्याचे ठरते तिच्याहून) लहान पुंजके बहुधा विरघळून जातात, मोठे तेवढे वाढतात.

उत्तर (मडगाव)
सरांच्या हिशेबाला एक पुस्ती जोडतो. १.५ हा आकडा निर्वातातील स्वच्छ पृष्ठभागाचा आहे; पाण्यात, सायट्रेटचा थर बसल्यावर, तो कमी होतो, म्हणून ९०० ज्यूल ही वरची मर्यादा समजावी. शिवाय सूत्र सांगते ते किमान, व्युत्क्रमी (ऊर्जा जराही वाया न जाता होणारे) कार्य. गिरणीची बहुतेक वीज उष्णतेत आणि घर्षणात जाते, त्यामुळे वीजबिलावरून पृष्ठऊर्जा काढायला जाऊ नये.

विद्यार्थी
आभारी आहे. मग एकत्र येऊन क्षेत्रफळ घटवणे फायद्याचे असताना हे कण महिनोन्महिने सुटे कसे राहतात?

प्राध्यापक, फोंडा
सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मिरामारच्या समुद्राचे चमचाभर पाणी थोड्याशा द्रावणात घालून पाहा: क्षारांमुळे प्रभाराचा पडदा आखडतो, कण चिकटतात आणि लाल रंग निळसर होतो.