व्हिसा नको, पासपोर्टही नको: नेपाळ सीमेचे तुमचे अनुभव सांगा

दोन देशांनी एकमेकांना व्हिसा माफ केला की हस्तांदोलनाचे फोटो येतात, 'संबंध दृढ झाले' असं छापून येतं. आपल्या शेजारी मात्र असा कारभार 75 वर्षांहून जास्त काळ गाजावाजा न करता चालू आहे. 31 जुलै 1950 ला काठमांडूत भारत आणि नेपाळचा शांतता व मैत्री करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायची, मालमत्ता घ्यायची, धंदा करायची आणि ये-जा करायची मुभा मिळाली. लोक त्याआधीही येत-जात होतेच, म्हणजे वहिवाटीलाच सरकारी शिक्का बसला म्हणा. सीमा 1,700 किलोमीटरहून लांब आहे आणि बऱ्याच ठिकाणी शेताच्या बांधावरून जाते.

ही मोकळीक प्रत्यक्षात कशी असते ते लिहा. कौतुक चालेल, तक्रारही चालेल. फक्त स्थळदर्शनाची यादी नको.

बुलेटवाला, नाशिक

सुनौलीहून गेलो. कमानीखाली सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने मतदार ओळखपत्र पाहिलं, डिकी उघडायला लावली आणि 'जाओ' म्हणाला. माणसाला एवढंच. गाडीला मात्र भन्सार भरावा लागतो, म्हणजे त्यांच्या जकात खात्याकडे जितके दिवस गाडी आत राहणार तितक्या दिवसांचे पैसे. पावती जिवापाड जपा. पुढे पोलीस माणसाला काही विचारत नाहीत, पावतीच मागतात. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून घ्या, दंड जबर आहे.

घड्याळ पाऊण नाही, अर्धा नाही, बरोब्बर पंधरा मिनिटं पुढे करायचं. दुकानदार भाव सांगण्याआधी विचारतो, 'आयसी की नेपाली?' आयसी म्हणजे आपला रुपया. 1993 पासून आपला 1 रुपया म्हणजे त्यांचे 1.60, त्यामुळे हिशेब सोपा. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने आपल्या 100 च्या वरच्या नोटा बंद केल्या होत्या, म्हणून मी शंभराच्या गड्ड्या नेल्या होत्या. मार्च 2024 पासून मोठ्या दुकानांत यूपीआय चालतं. डोंगरात मात्र रोकडच लागते.

मुक्तिनाथची यात्रेकरू, सातारा

विमानाने जाणाऱ्यांनो, हे नीट वाचा. 'व्हिसा लागत नाही, आधार आणा' असं सांगून आमच्या सहल कंपनीने (नाव घेत नाही) पैसे घेतले. विमानतळावर कळलं की नेपाळला विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. आधार चालतं ते फक्त 15 च्या आतल्या आणि 65 च्या वरच्या माणसांना. माझं वय पासष्टच्या वर, मी सुटले. धाकटी जाऊ अठ्ठावन्नची, तिला काउंटरवरूनच परत पाठवलं. पिशवीत शालिग्रामासाठी आणलेलं रेशमी वस्त्र होतं, ते तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, 'वयाने मोठं असण्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला तुम्हाला.'

काठमांडूच्या विमानतळावर परदेशी लोक व्हिसाच्या रांगेत उभे असतात आणि आपण बाजूने निघून जातो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी बरं वाटलं.

आंबा बागायतदार, रत्नागिरी

तुम्ही सगळे तिकडे जाता, आमच्याकडे नेपाळ घरी येतो. दिवाळी सरली की राखणीला कुटुंबं यायला लागतात. कोणी कैलालीचं, कोणी अछामचं. मोहराच्या फवारणीला हेच, वानरं हाकायला हेच, आंबे उतरवायला झेला घेऊन झाडावर चढायलाही हेच. पहिला पाऊस पडला की भातलावणीला गावी परत. बंदरावर जा, ट्रॉलरवर निम्मे खलाशी नेपाळी दिसतील. आमची पोरं मुंबईला गेली आणि त्यांची जागा या पोरांनी भरली, हे कोकणात कोणी उघड म्हणत नाही, पण खरं आहे.

व्हिसा असता तर हे शक्य होतं का? सीझनच्या तोंडावर शंभर माणसांचे परवाने काढत कोण बसणार? आम्ही पोलीस ठाण्यात त्यांची नावं, फोटो नोंदवतो, तेवढाच कागद. बागेतल्या मांगरात राहणारी एक पोरगी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. आईशी डोटेली बोलते, आणि माझ्याशी भांडते ती अस्सल रत्नागिरी हेलात.

एक सल आहे. हंगामाची मजुरी घेऊन हे लोक रेल्वेने निघतात, आणि वाटेत कोणी ना कोणी लुबाडला जातोच. सीमेवरही 'सामान दाखव' म्हणून अडवतात. कागद नाही म्हणजे तक्रार करायला आधारही नाही. कमरेला बांधलेले पैसे सुखरूप पोचवायचा काही मार्ग कोणाला माहीत असेल तर सांगा.

धनगढीची सून, मूळची पुण्याची

लग्नानंतर सासरी जाताना मला कधी परदेशात गेल्यासारखं वाटलं नाही. गौरीफंट्यापर्यंत गाडी, पलीकडे ई-रिक्षा, की घर. 23 मार्च 2020 ला नेपाळने सीमा बंद केली तेव्हा पहिल्यांदा कळलं, हा दुसरा देश आहे. माझे दीर तेव्हा गुजरातेत हॉटेलात कामाला होते. सीमेपर्यंत पोचले आणि अडकले. एका शाळेत ठेवलं होतं. घर पलीकडेच. रोज फोनवर सासूबाईंचा एकच प्रश्न, 'आपल्याच माणसाला आपल्या देशात का येऊ देत नाहीत?' वर धारचुल्याकडे तर काही मुलांनी महाकाली पोहून पार केली. सीमा उघडी असते तेव्हा कोणाचंच नाव कुठे लिहिलेलं नसतं. मग संकटात कोणाची किती माणसं कुठे आहेत, याचा दोन्ही सरकारांना पत्ताच नव्हता. माझं म्हणणं, नोंद ठेवा, पण अडवू नका.

निवृत्त लष्करी डॉक्टर

पर्यटन आणि मजुरीवर लिहिलं गेलं, फौज राहिली. भारत, नेपाळ आणि ब्रिटनच्या 1947 च्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळी गुरखा आपल्या सैन्यात भरती होत आले. पोखरा आणि धरानला भारतीय सेनेची पेन्शन कार्यालयं आहेत. मी पोखऱ्यात माजी सैनिकांच्या तपासणी शिबिरात काम केलं आहे. म्हातारे डोंगरातून दोन-दोन दिवस चालत यायचे, कोटाला पदकं लावून. नाडी बघायला हात धरला की दुसऱ्या हाताने सॅल्यूट. मोतीबिंदूमुळे मी दिसत नसलो तरी आवाजावरून 'साब' कुठे आहे ते ओळखायचे. दोन्ही देश एकमेकांच्या लष्करप्रमुखाला मानद जनरल करतात, ही रीतही 1950 पासूनची.

2022 ला अग्निपथ ही चार वर्षांच्या भरतीची योजना आली आणि नेपाळने भरती थांबवली. चार वर्षांनी बंदूक चालवायला शिकलेली बेकार मुलं परत येणार, ही त्यांची काळजी मला रास्त वाटते. आपल्याकडे यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

काठमांडूत नोकरी केलेला

सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडू. 20 सप्टेंबर 2015 ला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, तराईतल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि रक्सौलच्या सीमेवर इंधनाचे ट्रक अडकले. नेपाळ म्हणे अघोषित नाकेबंदी, भारत म्हणे आम्ही काही अडवलं नाही. एप्रिलच्या भूकंपातून लोक अजून सावरत होते. मी राहायचो त्या घरमालकीणबाई गच्चीवर भूकंपात पडलेल्या दारांच्या चौकटी जाळून भात शिजवायच्या. मला ताट द्यायच्या आणि ताट ठेवताना भारताला चार शब्द सुनवायच्या. मी मुकाट जेवायचो, बोलणार काय?

तिथल्या शिकलेल्या माणसांना 1950 चा करार बरोबरीचा वाटत नाही, हे इकडे कोणाला माहीत नसतं. तो बदलावा का हे बघायला दोन्ही देशांचा मान्यवरांचा गट नेमला, 2018 ला अहवाल तयार झाला, आणि पंतप्रधानांना सादर व्हायचा तो रखडला. अहवाल स्वीकारायलाही वेळ नाही, मग मैत्रीच्या भाषणांना कसा असतो?

बिहारच्या जयनगरहून

एप्रिल 2022 पासून इथून कुर्थ्यापर्यंत रेल्वे सुरू झाली, मध्ये जनकपूर. डब्यात निम्म्या बायका माहेरी नाहीतर सासरी निघालेल्या. बाकी रेल्वेप्रेमींना सांगतो, जुनी छोटी लाइन गेली, आता ब्रॉडगेज आहे.

भूतानला जाऊन आलेली

विषय नेपाळचा आहे, पण तुलनेला म्हणून. भूतानलाही आपल्याला व्हिसा नाही, परवाना लागतो. पूर्वी मुक्कामाचे पैसे नव्हते. कोविडनंतर सप्टेंबर 2022 ला फुंटशोलिंगचं दार उघडलं तेव्हापासून माणशी, रात्रीला 1,200 रुपये. सीमेअलीकडच्या, आपल्या जयगावच्या हॉटेलवाल्यांनी फार बोटं मोडली. मला ते योग्य वाटलं. रस्ते स्वच्छ, गर्दी बेताची.

बँकेत नोकरी, ठाणे

रत्नागिरीच्या दादांसाठी. मार्ग आहे, आणि 2008 पासून आहे. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सोय. एनईएफटीने पैसे थेट नेपाळमधल्या खात्यात जातात, तिकडे नेपाळी रुपयांत मिळतात. 2021 मध्ये एका वेळची मर्यादा 50 हजारांवरून 2 लाख केली. खातं नसेल तर रोख भरूनही पाठवता येतात, 50 हजारांपर्यंत. काही शाखांत कर्मचाऱ्यांनाच हे ठाऊक नसतं, 'असं काही नाही' म्हणतील. तेव्हा व्यवस्थापकांना भेटा आणि सोयीचं पूर्ण नाव सांगा. गड्याचं नागरिकता पत्र, घरच्या माणसाचं नाव, नेपाळच्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक लिहून न्या. मे संपायच्या आत करा, जूनमध्ये सगळ्यांची एकदम निघायची घाई असते.