कथालेखकाचे नवे वर्ष कोणत्या दिवशी सुरू होते?

धुऱ्यावरची वही · ३१ डिसेंबर, रात्री १०.५०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात शेती करतो आणि गेली अकरा वर्षे कथा लिहितो. हा प्रश्न जागलीवर बसून लिहीत आहे. हरभऱ्याला घाटे धरू लागल्यापासून रोही आणि रानडुकरे रात्री दोन-तीनदा तरी वावरात शिरतात, आणि या आठवड्यात पंपाची लाइन रात्रपाळीची असल्यामुळे ओलीत आणि राखण ही दोन्ही कामे एकट्याच्या वाट्याला आली आहेत.

दरवर्षी याच रात्री मी नवी वही उघडतो आणि पहिल्या पानावर ‘या वर्षी कादंबरी पूर्ण करायची’ असे लिहितो. आज मागच्या वर्षीची वही सोबत आणली होती, म्हणून बॅटरीच्या उजेडात ती चाळली. पहिली चार पाने कादंबरीची आहेत. पाचव्या पानाच्या मध्यावर एक वाक्य अर्धवट सुटले आहे आणि त्याखाली, त्याच पेनाने, ‘मंगळवार, ११ बाया, १ क्विंटल ७४ किलो’ अशी कापसाच्या तिसऱ्या वेच्याची नोंद आहे. तेथून पुढे ती वही वेचणीची, तुरीच्या सोंगणीची आणि मळणीयंत्राच्या भाड्याची होऊन गेली. त्याआधीच्या दोन वह्यांचेही असेच झाले होते.

खरे तर आमच्या गावात एकच एक वर्ष कधीच नसते. तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, बँकेत कर्जाचे नवे-जुने ३१ मार्चच्या आत करावे लागते, दुकानदाराची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते, आणि उन्हामुळे आपल्या विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. या सगळ्यात १ जानेवारी हा गावाच्या लेखी तुरीच्या सोंगणीचा एक दिवस असतो. तरीही मी संकल्प मात्र याच दिवशी करत आलो.

कादंबरी एका सालदाराची, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याची आहे. १ जानेवारीच्या सकाळी मालकाचा मुलगा पुण्याहून आणलेली दिनदर्शिका कोठ्याच्या, म्हणजे बैलांच्या गोठ्याच्या भिंतीवर टांगतो, तेथे ती सुरू होते. पाचव्या प्रकरणात, मे महिन्यात, हा सालदार काम सोडून निघून जातो. पण तो का जातो हे मला तीन वर्षांत सापडलेले नाही. भांडण लिहून पाहिले, आजारपण लिहून पाहिले, दोन्ही खोटे वाटले. माझा निश्चयच कच्चा आहे, की आपल्याकडच्या लेखकाने वर्षाचा आरंभ निराळ्या दिवशी धरायला हवा? आपण सर्व काय करता, ते कृपया सांगावे.

चैत्रपालवी · १ जानेवारी, सकाळी ७.१५

भाऊ, अडचण तुमच्या निश्चयात आहे असे मला वाटत नाही. ती तुमच्या पहिल्या प्रकरणाच्या तारखेत आहे. माझे वडील अकोला जिल्ह्यात २२ वर्षे सालदार होते, म्हणून हे ठामपणे लिहिते.

सालदाराचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते आणि पुढच्या गुढीपाडव्याला संपते. रोख किती, ज्वारी किती, कपड्यांचा जोड, वहाणा, सणाच्या सुट्या, हे सारे तेवढ्या मुदतीसाठी ठरते, आणि ठरले की उचल घेतली जाते. ती उचल कोणाच्या लग्नात, दवाखान्यात किंवा मागच्या देण्यात आठवडाभरात संपते. मे महिन्यात साल मोडणाऱ्याला ती परत करावी लागेल, आणि ती तो कोठून आणणार? तुमचा सालदार मे महिन्यात का जातो हे तुम्हाला सापडत नाही, कारण तो तेव्हा जाऊच शकत नाही. भांडण आणि आजारपण तुम्हाला खोटे वाटले, ते योग्यच वाटले.

त्याचा निर्णय होळी ते पाडवा या पंधरा दिवसांत होतो. होळी पेटली की बोलणी सुरू होतात. दुसरा एखादा मालक कोणाच्या तरी हाती निरोप पाठवतो, जुना मालक अचानक चहाला बसवून घेतो, आणि गावात कोणाचे साल कितीला ठरले याची चर्चा पारावर रोज होते. आमच्या घरात हे दिवस फार शांततेचे असत, कारण मोठ्याने बोललेले मालकाच्या कानावर जाईल अशी आईला भीती वाटे.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वडील मालकाच्या वस्तू परत करत: दोन कासरे, विळा, बॅटरी, कोठ्याची किल्ली आणि एक घोंगडी. ओसरीवर त्या एका ओळीत मांडल्या जात, मालक त्या मोजून घेत, आणि वडील रिकाम्या हातांनी घरी येत. एरवी ते कोठ्यात बैलांजवळच निजत. ती एक रात्र ते आमच्यात निजत आणि त्या रात्री ते कोणाचेच सालदार नसत. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मध्यरात्री वैरण टाकायच्या वेळेला ते उठून बसत, दारापर्यंत जात, कडीला हात लावत आणि परत येऊन पडत, हे मी पांघरुणाआडून पाहिलेले आहे.

तुमच्या कादंबरीचे पहिले प्रकरण मला त्या रात्रीत दिसते. तुमचे स्वतःचे वर्षही पाडव्याला सुरू करून पाहावे. तोवर तूर घरी आलेली असते, कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली असते, आणि पेरणीपर्यंत सलग लिहिण्याजोगे दोन-अडीच महिने हाती असतात.

आंबिया बहार · १ जानेवारी, दुपारी २.३०

मी वरुड तालुक्यात संत्र्याची बाग सांभाळतो आणि लघुकथा लिहितो. ताईंचे म्हणणे कादंबरीपुरते मला पूर्ण मान्य आहे. लेखकाच्या वर्षाविषयी मात्र मी थोडा वेगळा विचार करतो.

आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा संत्र्याचा फुलोरा घेणारा बागायतदार डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना आणि भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत झाड ताणावर राहते. त्या काळात नवी वाढ थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठत जाते, पाने मलूल होऊन काही गळतातही. मग खत देऊन पाणी सोडले, म्हणजे ताण तोडला, की झाड फुलावर येते. ज्या झाडाचे पाणी तोडलेलेच नाही त्याला पालवी भरपूर येते आणि फूल मोजके. नवा माणूस बाग पाहायला आला तर ताणावरचे झाड त्याला आजारी वाटते. बागवानाला त्याची चिंता वाटत नाही, पण तो रोज सकाळी पाने पाहून येतो, कारण ताण लांबला तर फांद्या वाळून सल पडते.

तुमची वही वेचणीच्या नोंदींनी भरली, याला मी मोडलेला निश्चय म्हणणार नाही. तूर आणि कापूस घरी येईपर्यंत मीही नवे काही लिहीत नाही. फक्त जुने वाचतो. आम्ही चार-पाच मित्र संक्रांतीला एकत्र बसतो आणि गेल्या वर्षी अर्धवट राहिलेले लेखन एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतो. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीला झाली, म्हणून तो दिवस आम्हाला आपला वाटतो. वाचताना ऐकणारा जेथे पाणी प्यायला उठतो, तेथे मी समासात खूण करतो. त्या खुणा घेऊनच माझे वर्ष सुरू होते.

वैनगंगेकाठी · २ जानेवारी, पहाटे ५.४०

रात्रीचा प्रयोग संपवून आत्ताच घरी पोहोचलो, म्हणून थोडक्यात लिहितो. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यातील रंगभूमीसाठी नाटके लिहितो. आमचे वर्ष भाऊबीजेला, गावोगावच्या मंडईबरोबर, म्हणजे जत्रेबरोबर सुरू होते. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक कंपन्यांना संहिता त्याआधी हवी असते, म्हणून धानाची रोवणी आटोपली की मी लिहायला बसतो आणि दसऱ्याच्या आत वही हातावेगळी करतो. मला संकल्प करावा लागत नाही, कारण माझ्या वहीसाठी नटांच्या तालमी खोळंबलेल्या असतात. कादंबरीची अशी वाट कोणी पाहत नाही, ही तुमची खरी अडचण असावी. पाडव्यापर्यंत थांबायचे तर अवश्य थांबा, परंतु एखाद्या माणसाला आजच तारीख देऊन ठेवा.

धुऱ्यावरची वही · २ जानेवारी, रात्री ९.२०

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचे उत्तर मी तीनदा वाचले. दोन वर्षे माझ्याकडेही सालदार होता. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने वस्तू आणून दिल्या होत्या आणि मी त्या घेतल्याही होत्या. पण त्यानंतर तो कोठे गेला आणि ती रात्र त्याने कशी काढली, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही आणि कादंबरी लिहितानाही पडला नाही. याचे मला फार वाईट वाटते.

लिहिलेले फाडत नाही. दिनदर्शिका जानेवारीतच टांगली जाईल, मात्र आता ते चौथे प्रकरण असेल, आणि सालदार तिच्यावर पाडवा किती पाने पुढे आहे ते मोजून पाहील. पाडव्यापर्यंत नवे लिहिणार नाही, संक्रांतीला जुने मोठ्याने वाचीन. अक्षय तृतीयेला बहीण माहेरी येते. तिला पहिली तीन प्रकरणे वाचून दाखवीन, असे आज फोनवर सांगून टाकले आहे.

ताई, एक विचारायचे राहिले. मालकाच्या घरी तुमच्या आईचेही काम असे का? असल्यास तिचे साल कधी सुरू होत असे?

चैत्रपालवी · ३ जानेवारी, सकाळी ६.५०

आईचे साल कधीच ठरले नाही, भाऊ. कोठ्यातले शेण काढणे, गोवऱ्या थापणे, मालकाच्या अंगणाची झाडलोट आणि सडा, हे सारे तीच करत असे, परंतु बोलणी होत ती वडिलांच्या नावाची, आणि तिचे काम त्यातच धरलेले असे. वर्षभर ती अंधारात उठून आधी मालकाकडे जाई आणि तिकडचे आटोपल्यावर आमच्या दाराला सडा पडे, तोवर बहुधा ऊन आलेले असे. पाडव्याच्या पहाटे मात्र, नवे साल ठरलेले असो वा नसो, ती पहिला सडा आमच्या दारात घालीत असे.