रात्रीची लांबची फ्लाइट आणि टर्ब्युलन्स, झोपता कसे तुम्ही?

कट्ट्यावरची_नीलू
नमस्कार मंडळी, डिसेंबरात आईला घेऊन भावाकडे मेलबर्नला चाललेय, मुंबई-सिंगापूर, मग एक दिवस मावसबहिणीकडे आणि पुढे सिंगापूर-मेलबर्न, दोन्ही फ्लाइट रात्रीच्या. मागच्या खेपेला बंगालच्या उपसागरावर जे काही हललंय विमान बापरे, जेवणाचे ट्रे उचलायचे होते अजून, शेजारच्या काकांचा टोमॅटो ज्यूस माझ्या मांडीवर, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मधेच इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला, म्हटलं झालं, बंदच पडलं. उरलेली रात्र हँडरेस्ट धरून समोरच्या स्क्रीनवरचं ते चिमुकलं विमान बघत काढली. त्यात २०२४ ला त्या लंडन-सिंगापूर फ्लाइटचे फोटो बघितलेत, छताचे पॅनेल लोंबतायत वगैरे, ते डोक्यातून जात नाहीत.

आईचं बरोब्बर उलट. वय ७१, तिला शष्प भीती वाटत नाही, "हलतंय तर हलू दे" म्हणते, बेल्ट पोटाला काचतो म्हणून काढून टाकते आणि सीटवर चक्क मांडी घालून बसते. वर तासा-दीड तासाने बाथरूम. तर सीट कुठली घेऊ, गोळी घेतात का लोक, रात्री जास्त हलतं का, आणि आईचं काय करू? 'काही होत नाही गं' सोडून काहीही सांगा, ते नवऱ्याने सांगून झालंय.

पंटर_ठाणेकर
दोन पेग आणि आय मास्क. विषय संपला.

रिव्हेट
पंटरशेठ बसा खाली.

नीलू, आधी तो इंजिनाचा आवाज. पुढे खडबडीत हवा आहे असं दिसलं की पायलट वेग थोडा कमी करतात, खराब रस्त्यावर आपण ॲक्सिलरेटर सोडतो तसंच, त्यासाठी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा दांडा) मागे येतो आणि आवाज उतरतो. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला वाटलं इंजिन गेलं, तेव्हा कॉकपिटमध्ये कोणीतरी नीट काम करत होतं. पंख वरखाली होतात ते बघून पण लोक घाबरतात, पण ते वाकायलाच बनवलेत. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरतात त्याच्या दीडपट पंखाने सोसून दाखवावा लागतो, १९९५ ला बोइंग ७७७ चा पंख मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला होता तो १५४ टक्क्यांना तुटला, आणि तोवर त्याचं टोक सात मीटरच्या वर उचललं गेलं होतं.

आता तुम्ही म्हणताय ती लंडन-सिंगापूर फ्लाइट, सिंगापूर एअरलाइन्सची एसक्यू ३२१. २१ मे २०२४, ७७७-३००ईआर, म्यानमारवर ३७,००० फुटांवर. सिंगापूरच्या तपासयंत्रणेचा प्राथमिक अहवाल वाचा, भीती वाढणार नाही, उलट जागेवर येईल. ०.६ सेकंदात जी-फोर्स (अंगावर येणारा भार, एरवी १ असतो, उणे म्हणजे वर फेकणारा) अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला, म्हणजे ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते सीटवरून उचलले गेले, आणि पुढच्या चार सेकंदात उणे १.५ चा अधिक १.५ झाला तेव्हा ते खाली आपटले. विमान त्यात १७८ फूट खाली आलं. बेल्टची खूण लागलेली होती, पण ती लागून काही सेकंदच झाले होते. एक ७३ वर्षांचे गृहस्थ गेले, कित्येक जखमी. आणि विमान? ते बँकॉकला नीट उतरलं. लोंबणारे पॅनेल बघून वाटतं विमान मोडलं, पण त्यातलं बरंच माणसं वर आदळल्याने झालेलं असतं. म्हणून मी तरी म्हणेन की तुमची भीती चुकीच्या जागी आहे, पंखाकडे बघू नका, आईच्या बकलकडे बघा.

कट्ट्यावरची_नीलू
बाप रे. पण हे ऐकून खरंच जरा बरं वाटलं, विचित्र आहे. रात्री जास्त असतं का ते सांगा ना कोणीतरी

ढगवेडा
रात्री म्हणून जास्त असं नाही, एसक्यू ३२१ चं झालं तेव्हा तर म्यानमारमध्ये भर दुपार होती. पण 'सकाळचं विमान घ्या, कमी हलतं' हा जो सल्ला देतात तो जमीन तापते त्यामुळे आहे, पुणे-दिल्लीला ठीक. समुद्रावर गणित वेगळं, तिथे पाणी रात्रभर उबदारच राहतं आणि मोठे ढग पुष्कळदा पहाटेच्या सुमारास जोर धरतात. डिसेंबरात पावसाचा पट्टा विषुववृत्ताच्या खाली सरकलेला असतो, जावा, तिमोर, ऑस्ट्रेलियाचं वरचं टोक, त्यामुळे मेलबर्नच्या फ्लाइटमध्ये पहिले तीन-चार तास हलेल असं धरूनच चाला. ढगातलं पाणी रडारवर दिसतं म्हणून पायलट वळसा घालतात, मॅपवर विमान वाकडं जाताना दिसलं तर समजा वळसा चालू आहे. रडारला दिसत नाही ती ढग नसलेल्या कोरड्या हवेतली खडबड (क्लिअर एअर टर्ब्युलन्स), जेट स्ट्रीमच्या म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याच्या कडेची, तिथे पुढे गेलेल्या विमानांनी कळवलेलं आणि अंदाज यावरच भागवावं लागतं.

आणि कोणीतरी येऊन टर्ब्युलन्स ५५ टक्के वाढलं म्हणून बातमी डकवेलच, त्याआधी सांगतो. ते रेडिंग विद्यापीठाचं २०२३ चं काम आहे, उत्तर अटलांटिकवर एका ठराविक ठिकाणी वर्षाला तीव्र क्लिअर एअर टर्ब्युलन्स १९७९ ला १७.७ तास होता तो २०२० ला २७.४ तास झाला. वाढ खरी आहे, कारण हवामानबदल हेही खरं, पण अख्ख्या वर्षातले २७ तास आहेत ते, आणि तुमचा रस्ता तो नाहीच. ते टर्ब्युलन्स सांगणारं ॲप असेल फोनमध्ये तर घरून निघताना एकदा बघा नि बंद करा, पूर्ण रात्र रंग बघत बसलात तर झोप गेलीच.

गॅली_नंबर_चार
मी पूर्वी केबिन क्रूमध्ये होते, आता सोडलं. आईंबद्दल सांगते कारण अशा आया मी खूप बघितल्यात 😄

बेल्ट पोटावर नाही, त्याच्या खाली, मांड्या सुरू होतात तिथे कमरेच्या हाडावर आला पाहिजे. पोटावर घेतला की काचणारच, मग त्या काढणारच. मांडी घालून बसल्या की तो नीट बसतच नाही, तर पायाखाली घ्यायला हँडबॅग द्या, पाय लोंबकळत नाहीत मग मांडी घालावीशी वाटत नाही (निम्म्या वेळा तेच कारण असतं, उंची कमी असते ना). झोपताना ब्लँकेट आधी, बेल्ट वरून, बकल दिसलं पाहिजे. आत असलं की आम्हाला अंधारात टॉर्च मारून माणसाला उठवून विचारावं लागतं, मग ते चिडतात, आपण चिडतो. अंगावर साडी-शाल असेल तर पदर पण खाली, बेल्ट वर.

बाथरूम: जेवणाच्या ट्रॉल्या बाहेर यायच्या आधी एकदा, मग दिवे मंद झाल्यावर गर्दी ओसरली की एकदा, आणि सकाळच्या नाश्त्याआधी. आत असताना हलायला लागलं तर उठून यायची घाई नको, कमोडवरच बसून हँडल धरायचं. पॅसेजमध्ये सापडल्या तर जवळची कुठलीही रिकामी सीट, कोणाची का असेना, आणि तीही नसेल तर सरळ खाली बसायचं सीटचा दांडा धरून. लाज वाटते लोकांना, पण पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा बरं. गरम चहा मांडीजवळ ठेवू देऊ नका. त्या अपघातानंतर सिंगापूर एअरलाइन्सने बेल्टची खूण लागली की गरम पेयंच नाही तर जेवण वाढणंही थांबवायचं ठरवलं, आणि कोरियन एअरने त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून इकॉनॉमीत कप नूडल्स देणं बंद केलं, भाजण्याच्या भीतीने. तर चहा मिळाला नाही म्हणून क्रूवर डाफरू नका प्लीज.

आम्ही हसत फिरतोय म्हणून ठीक आहे असं पण समजू नका आणि आम्ही धावत जाऊन बसलो म्हणून संपलं असंही नाही. आम्ही बसतो कारण आमचेच पाय जास्त मोडतात, अख्खी ड्यूटी उभ्याने ना.

साधा_फिजिशियन
गोळ्यांबद्दल. भीती वेगळी आणि मळमळ वेगळी. मळमळत असेल तर ॲव्होमिन लोक घेतात, ती आधी घ्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर फार उपयोग नाही, आणि झोप येते. पण ७१ वर्षांच्या आईंना ती आपल्या मनाने देऊ नका, या वयात गुंगी, गोंधळणं, लघवी अडकणं होऊ शकतं आणि रात्री उठल्यावर तोल जातो. अल्प्राझोलामसारखी भीती कमी करणारी गोळी मैत्रिणीच्या पर्समधली तर अजिबात नको, स्वतःच्या डॉक्टरांना विचारून घ्यायची असेल तरी पहिल्यांदा ३५,००० फुटांवर नको, आधी घरी. आणि ठाणेकर, त्यावर पेग तर नकोच नको. आई बीपीची लघवी जास्त होणारी गोळी घेत असतील तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, अर्ध्या फेऱ्या तिथेच वाचतील. उठता येत नसेल तेव्हा बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करत राहा, पोटऱ्या चालू राहिल्या पाहिजेत.

पंटर_ठाणेकर
बरं एक पेग 🙏

निवृत्त_मास्तर
मला मुलाकडे जाताना फार त्रास व्हायचा याचा. अंधारात खिडकीबाहेर काही दिसत नाही, मग जरा हललं तरी कानाला वाटतं खोल गेलो. मी दिडकी म्हणतो. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार... सोपे पाढे नकोत, ते आपोआप येतात आणि मन मोकळं राहतं भीती वाटून घ्यायला. सतरा-एकोणिसाचेही चालतील. प्रत्येक ओळीला श्वास लांब सोडायचा. नातू म्हणतो आजोबा पुटपुटतायत म्हणजे विमान हलतंय.

कट्ट्यावरची_नीलू
मास्तर 😂 मला दिडकी येतच नाही, आईकडून शिकते. तिला वाचून दाखवलं सगळं, बेल्टचं ऐकून म्हणाली "मग हे आधी का नाही सांगितलं कोणी, मला वाटलं तो विमान उतरताना बांधायचा". बॅग पायाखाली घ्यायला तयार आहे. सीट राहिली तेवढी, पंखावरची घेऊ ना? आईला आयल?

रिव्हेट
हो, पंखाच्या आसपास, तिथे कमी हलतं. शेपटीकडे सगळ्यात जास्त, त्यामुळे शेवटच्या रांगा बाथरूमजवळ म्हणून मोहात पाडतील पण घेऊ नका. आईंना आयल, तुम्ही त्यांच्या लगेच शेजारी, म्हणजे बकल तुमच्या हाताशी. सीट मॅप निघायच्या आधल्या दिवशी परत बघा, विमानाचा प्रकार बदलला तर पंख दुसऱ्याच रांगेला येतो.