मदत हवी आहे : अकरा वर्षांच्या पावसाळ्यात देव कोणता?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. कादंबरीसाठी एक काल्पनिक जग रचतोय. तिथे पावसाळा अकरा वर्षांचा, उघडीप जेमतेम तीन वर्षं.

धर्माचं बीज मला अंबाबाईच्या किरणोत्सवात सापडलं. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. आधी चरण, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ऐनवेळी ढग आला की देवळातली गर्दी एकदम गप्प होते. ती शांतता मला पुस्तकात हवी आहे.

पण पावसात जन्मलेल्या पोरांनी किरण पाहिलेलाच नाही. त्यांचा देव कोण, आजीच्या गोष्टीतला सूर्य की उंबऱ्याला लागलेलं पाणी? मला पाणी वाटतं. पंचगंगा चढायला लागली की घाटाची कितवी पायरी बुडाली हे माणसं ज्या नजरेने बघतात, ती पूजाच आहे.

खगोल जाणणाऱ्यांना एक विचारायचंय. आपले ऋतू पृथ्वीचा आस 23.5 अंश कलल्यामुळे होतात. मी कक्षाच लांबट केली, म्हणजे सूर्यापासून दूर असताना ग्रह सावकाश फिरेल, तर एवढा लांब ऋतू पटेल का? आणि त्यात भात तरी पिकेल का?