शिवलेलं जहाज मस्कतला लागलं. पाचव्या शतकाबद्दल त्यातून नेमकं काय कळलं?

खोलपाणी
भारतीय नौदलाचं शिडाचं जहाज आयएनएसव्ही कौंडिण्य 29 डिसेंबर 2025 ला पोरबंदरहून निघालं आणि 14 जानेवारी 2026 ला मस्कतला लागलं. इंजिन नाही, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. गोव्यात ते बांधणाऱ्या केरळच्या कारागिरांना सलाम. पण ‘प्राचीन भारतीय जहाज पुन्हा अवतरलं’ हा जो गजर चाललाय, तो पटत नाही. आधार काय, तर अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं चित्र. त्यात तीन डोलकाठ्या आहेत, उंच अरुंद शिडं आहेत, मागच्या बाजूला रांजणांची रांग आहे. पाण्याखालचा आकार नाही, फळ्यांचा जोड नाही, आतल्या फासळ्या किती याचा पत्ता नाही. म्हणजे जहाज ज्यावर तरतं, तेवढंच नेमकं अंदाजपंचे.

खरा पुरावा पाण्याखाली असतो. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजाचे टाके प्रत्यक्ष पाहता आले. उलट केरळात थैक्कलला चिखलात सापडलेल्या मध्ययुगीन जहाजात दुहेरी फळ्या आणि लोखंडी खिळे निघाले. आधी बुडालेली जहाजं शोधा, मग बांधा.

टाके_आणि_ताण
शोधा म्हणणं सोपं आहे. आपल्या किनाऱ्यावर लाकूड उरतं कुठे? गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज अभ्यासलं. हस्तिदंत मिळाले, पाणघोड्याचे दात मिळाले, मातीची भांडी मिळाली. सांगाडा नाही. खडकाळ तळावर उघडं पडलेलं लाकूड लाटा फोडतात आणि उरलेलं जहाजकिडा पोखरतो. गाळात लवकर गाडलं गेलं तरच फळी वाचते, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही.

शिवाय बुडालेलं जहाज ‘टाके होते’ एवढं सांगेल. टाका किती ताणायचा, हे सांगणार नाही. शिवणीचं काम असं चालतं: फळी वाफेवर मऊ करून वाकवायची, शेजारच्या फळीला कडेला कड भिडवायची, दोन्हींच्या कडांना समोरासमोर भोकं पाडायची. जोडावर काथ्याची जाड वात ठेवायची, एक माणूस आत आणि एक बाहेर बसून दोरी ओवायची, तरफेने आवळायची, भोकात काथ्या आणि राळ ठोसायची. भोक कडेच्या फार जवळ गेलं तर दोरी लाकूड कापत बाहेर येते. सगळी भोकं एकाच रेषेवर, दाटीने पाडली तर फळी रेषेतून उभी चिरते. दोरी ढिली राहिली तर फळ्या एकमेकींवर घासतात आणि वात भुगा होऊन बाहेर पडते. यातलं बरंचसं संग्रहालयातल्या तुकड्यावरून कळत नाही.

खोलपाणी
मान्य. मग मोजमापं कुठायत? चेन्नईच्या आयआयटीत लहान प्रतिकृतीवर पाण्याच्या तलावात चाचण्या झाल्या, पण अशा चाचण्यांतली प्रतिकृती सहसा कडक कवचाची असते. एकास दहा प्रमाणात वेग √10 ने भागला की पाण्याचा विरोध बऱ्यापैकी जुळतो. लवचीकताही जुळवायची तर प्रतिकृतीच्या सामानाची ताठरता मूळच्या एक दशांश हवी. ते क्वचितच कुणी करतं. म्हणजे तलावात बहुधा तपासला तो आकार, शिवण नव्हे. शिवणीची परीक्षा समुद्रातच झाली, आणि तिचे आकडे पाहिल्याशिवाय ‘पोहोचलं’ याचा अर्थ फक्त ‘बुडालं नाही’.

प्रवासाचंच बघा. पोरबंदर ते मस्कत सरळ रेषेत साधारण 620 सागरी मैल. सोळा दिवसांनी भागा, ताशी 1.6 मैल पडतात. हा आकडा जुन्या व्यापाऱ्यांना लावायचा का? जहाज रिकामं की भरलेलं, वाऱ्याशी किती अंशांवर चाललं, बाजूला किती वाहवलं, हे कळल्याशिवाय कसा लावणार?

बंदरकाठ
दोघेही माणसांना सोडून बोलताय. हे ज्ञान ना चित्रात आहे ना तळाशी, ते आज शिवणाऱ्यांच्या हातात आहे. काथ्या कुठला हेच घ्या. नारळाची सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात महिनोन्महिने कुजवून, लाकडी मोगरीने कुटून, हाताने वळलेली दोरी लागते. बाजारातली यंत्रावर वळलेली चालेलच असं नाही. तीच दोरी समुद्रात टिकते आणि गोड्या पाण्यात सडते, म्हणून पावसाळ्यात डेकवरून झिरपणारं पाणी लाटांपेक्षा घातक. ही माहिती कारागिराकडूनच येते.

आता उलट बाजू. आजचा कारागीर म्हणजे पाचव्या शतकातला कारागीर नव्हे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मसुला होड्याही शिवलेल्याच, पण त्यांना फासळ्याच नसतात. फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर आपटायला त्या लवचीक लागतात. खोल समुद्रातल्या जहाजाचं गणित वेगळं. एका गावची पद्धत घेऊन तिला ‘प्राचीन भारतीय’ म्हणणं म्हणजे मालवणी मसाल्यावरून साताऱ्याची आमटी ठरवणं.

टाके_आणि_ताण
म्हणूनच बेलितुंगवरून ओमानने बांधलेलं ‘ज्वेल ऑफ मस्कत’ जास्त उपयोगी ठरलं. मूळ अवशेष हाताशी, त्यामुळे टाक्यांची रचना आणि फळीची जाडी पडताळता आली. 2010 मध्ये ते मस्कतहून सिंगापूरला गेलं. वाटेत डोलकाठ्यांना तडे गेले आणि श्रीलंकेत नव्या बसवाव्या लागल्या. माझ्या मते त्या प्रवासातली सर्वात मोलाची माहिती तीच: शिवण तरली, काठी नाही. कौंडिण्यच्या बाबतीतही काय मोडलं याची यादी द्या, सत्काराचे फोटो पुरे झाले.

खोलपाणी
चला, इथे तरी एकमत. मग पुढचं ऐका. असं जहाज पाण्यात राहिलं की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर फुगतो, कारण टोकांना पाण्याचा आधार कमी. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत तार ताणून मधोमध तार आणि डेक यांतलं अंतर दर महिन्याला मोजा. पाणी किती वेळ उपसावं लागलं ते तासांत लिहा, बादल्यांत नको. डागडुजीला जहाज वर काढाल तेव्हा नाळेजवळचा, मधला आणि सुकाणूजवळचा असे तीन जोड उसवा आणि ती दोरी ताण-यंत्रावर तोडून बघा. शेजारी त्याच वेळी वळलेली, पण न वापरलेली दोरी तोडा.

बंदरकाठ
आणि उसवताना शिवणाऱ्याला शेजारी उभा करा. कुठला टाका कुणाच्या हातचा, हे त्याच्याशिवाय कुणी सांगणार नाही.