विषय: सुलकाटा कासवासाठी थंडीतलं उबदार घर

खानापूरहून

बेळगावकडच्या खानापूरहून सगळ्यांना नमस्कार. सुलकाटा कासव, वजन ३८ किलो, पाठ ६५ सेंमी. परिवेश पोर्टलवर (विदेशी प्राण्यांची सरकारी नोंदणी) नोंद केलेली आहे. परसात पत्र्याची शेड, आत २५० वॅटचा लाल बल्ब. जानेवारीत पहाटे पारा १२ च्या खाली उतरतो. आणखी एक बल्ब लावावा काय?

Re: फिनिक्सहून (अमेरिका)

दादा, आहे तोही काढा. एवढ्या कासवाची पाठ बल्बच्या फार जवळ येते. वरचं कवच भाजून सुकतं आणि पोट गारच राहतं. शिवाय पत्रा ऊब धरत नाही.

सुलकाटा आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातलं, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं. ते शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे ‘थंडीत पडून राहतंय, राहू दे’ म्हणून चालत नाही. रात्री २६-२७ अंश हवेत, आणि त्यासाठी हीटरपेक्षा पेटी महत्त्वाची.

आतून ५ बाय ४ फूट, उंची सव्वादोन फूट. जास्त उंच केली तर गरम हवा वर जाऊन बसते. सगळ्या बाजू, तळ आणि छतसुद्धा, तिहेरी: १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय, ५० मिमी एक्सपीएस फोम (ऊब अडवणारी टणक शीट), पुन्हा प्लाय. तळाचा आतला थर मात्र १९ मिमीचा. ८ बाय ४ च्या १२ मिमीच्या सहा शीट पुरतात. सुताराला रबरी गोंद वापरू देऊ नका, त्यातल्या द्रावकाने फोम विरघळतो. फोम कुठेही उघडा राहता कामा नये. कासव तो खातं आणि आतडं तुंबतं.

दार २४ इंच रुंद, १८ उंच. त्याला शीतगृहाच्या दारावर असतात तशा पीव्हीसी पट्ट्या, एकमेकींवर अर्ध्या चढवून. रात्री बाहेरून फळी, खाली बोटभर फट ठेवून. कोपऱ्यात ऑइल हीटर (तेल भरलेला, विजेवर चालणारा) आणि त्याच्यापुढे भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलेल्या लाकडी रिपा, नाहीतर कासव हीटर ढकलून पाडणारच.

थर्मोस्टॅट (एसटीसी-१००० मॉडेल चालतं) २७ ला, फरक १ अंशाचा, म्हणजे २६ ला हीटर पुन्हा सुरू. सेन्सर हीटरच्या समोरच्या भिंतीवर, कासवाच्या पाठीच्या उंचीवर. छताजवळ लावला की आकडा छान दिसतो आणि खाली कासव गारठतं.

Re: Re: टिळकवाडीहून

पेटी पटली. विजेचं मात्र इथल्या, बेळगावच्या हिशेबाने बघा की.

बाहेर १० आणि आत २७ धरले तर या पेटीतून साधारण ८० वॅट उष्णता जाते, दाराची गळती धरून दीडशे. म्हणजे बारा तासांना दोन युनिटही नाहीत. पण लाईट गेली की ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर हजार वॅटचा हीटर टिकत नाही, लगेच ट्रिप. म्हणून इन्व्हर्टरवर वेगळी १०० वॅटची टणक हीट मॅट टाका, डुकराच्या पिलांसाठी विकतात ती. १५० एएचची बॅटरी तेवढ्यावर आठेक तास काढते.

हीटर फिरवायच्या बटणाचाच घ्या. टचवाला लाईट परत आल्यावर बंदच राहतो आणि सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. बटण मधल्या खुणेवर ठेवा, म्हणजे थर्मोस्टॅटचा रिले (आतला स्विच) चिकटला तरी हीटर स्वतःच बंद होईल. लाईनला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) हवाच. वायर पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

वाळवंटातल्या फिनिक्सवाल्यांना खानापूरचा पाऊस काय ठाऊक! ओल आणि गारवा एकत्र आले की कासवाला श्वसनाचा संसर्ग होतो: नाकातून पाणी, तोंडाशी फेस. आपल्याकडे जानेवारीइतकीच जपणूक जुलैतही लागते, तेव्हा थर्मोस्टॅट पावसाळ्यातही चालूच ठेवा. पेटी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवा, म्हणजे वाळवीही लवकर दिसते. वर उतरता पत्रा, चारी बाजूंनी ९ इंच बाहेर. आत भुसा नको, बुरशी धरतो. सुकं गवत घाला, ओलं झालं की बदला.

संध्याकाळी कासव आपणहून आत येईलच असं नाही, कुंपणाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं. सूर्य मावळायच्या आत हाकून आणा आणि फळी लावा.

Re: Re: Re: खानापूरहून

समजलं. कोटेशन आलं की टाकतो. निपाणीत एकाकडे स्टार कासव आहे, त्यालाही अशीच पेटी चालेल?

Re: Re: Re: Re: टिळकवाडीहून

पेटीचं सोडा. स्टार कासव २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणं गुन्हा. त्यांना आधी वनखात्याशी बोलायला सांगा.

तुमची पेटी तयार झाली की दोन रात्री रिकामी चालवा, किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत ठेवून. किमान २५ च्या खाली गेलं तर हीटर वाढवू नका, आधी दार आणि सांधे तपासा.